कॅमेरा कुठल्या बाजूला

३ जून

बाईसाहेब,

फाडण्याआधी पहिला परिच्छेद तरी वाच. फोन केला नाही, कारण फोनवर आपण दोघं एकदमच बोलतो आणि ऐकायला फक्त वकील उरतात. "बोलायचं असेल तर लिहून कळव," असं घटस्फोटाच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर तूच म्हणालीस. ते मी पाळतोय. तुझं म्हणणं मी पाळल्याचं हे बहुधा एकमेव उदाहरण.

मुद्दा असा. टीव्हीवाल्यांची जाहिरात आली आहे. घरं दुरुस्त करणाऱ्या जोडीवर त्यांना कार्यक्रम करायचाय. तीन मिनिटांचा व्हिडिओ पाठवा, कार्यक्रम कसा असेल ते त्यातच दिसू द्या, आवडलं तर बोलावू. खाली बारीक अक्षरांत : पती-पत्नी असल्यास प्राधान्य.

कल्पना मी लिहूनही काढली. दर भागात एक घर आणि एक हट्टी दार. कुठलं फुगलंय, कुठलं घासतंय, कुठलं आपोआप उघडतं आणि घरातले एकमेकांवर संशय घेतात. आपण जायचं आणि दार बसवायचं. तू आत, मी बाहेर, मधे दाराचा पल्ला. बोलायचं ते टकटक करून. एकदा म्हणजे उचल, दोनदा म्हणजे खाली घे, तीनदा म्हणजे थांब. बाकीचे सुतार ओरडतात. आपणही आयुष्यभर ओरडलो, पण दार बसवताना कधी नाही.

अडचण एवढीच, की आपण पती-पत्नी नाही. पण "सध्या" असं अर्जात कुठेही विचारलेलं नाही. एक दुपार फक्त. तू ये, आपण नवरा-बायको होऊ, व्हिडिओ काढू, तू जा. लग्नापेक्षा सोपं आहे. पाहुणेसुद्धा नाहीत.

ताईला विचारलं. म्हणाली, "खरं लग्न टिकवता आलं नाही, आता खोटं करून बघ." सख्खी बहीण माझी, पण बोलते कायम तुझ्या बाजूनं.

माझा दुसरा काही हेतू नाही. हे मुद्दाम लिहावं लागतंय, यावरून काय ते समज.

— मिस्त्री


११ जून

मिस्त्री,

वाचलं. रागानं वाचलं, मग जेवून परत वाचलं.

तुझा दुसरा हेतू मला पहिल्या ओळीत दिसला. तो तिथेच ठेव. माझा हेतू सांगते.

मी हार्डवेअरच्या दुकानात काउंटरला उभी असते. काल एक गृहस्थ आले, म्हणाले, "दाराची ती वस्तू द्या." मी विचारलं, दार आत उघडतं की बाहेर? त्यांनी घरी बायकोला फोन लावला. बायको इतक्या मोठ्यानं बोलली की अख्ख्या दुकानानं ऐकलं : "रोज कशातून येता-जाता हो तुम्ही, खिडकीतून?" सगळे हसले. मीही हसले. मग त्यांच्या हातात बिजागऱ्या दिल्या आणि वाटलं, या कुठे बसणार, कशा बसणार, ते मला कधीच दिसणार नाही.

एकटीनं कामं घेऊन बघितली. दार उघडणारा माणूस माझ्याकडे बघतो, माझ्या पेटीकडे बघतो, मग माझ्या मागे जिन्यात बघतो आणि विचारतो, "मिस्त्री कधी येणार?" मी म्हणते, आलेत. तो हसतो. मग काम मिळत नाही. एकदा लोकांनी मला टीव्हीवर पटाशी चालवताना बघितलं, की तो प्रश्न संपेल.

म्हणून येते. मला काम हवंय, तू नकोस. दोन्ही एकाच ओळीत लिहिते म्हणजे पुढे घोळ नको.

अटी. संध्याकाळच्या बसनं मी परत जाणार. "आठवतं का" या शब्दांनी सुरू होणारं एकही वाक्य नको. ताईंना भेटायला मला आवडेल, पण त्या दिवशी नको, त्या रडतील.

व्हिडिओचं म्हणशील, तर फोन आडवा धर. "नमस्कार, आम्ही अमुक अमुक" अशी सुरुवात केलीस तर मी उंबऱ्यातूनच परत फिरेन. पहिल्या क्षणाला अडलेलं दार दिसलं पाहिजे, माणसं मग. पंखा बंद ठेव. आणि पाठ करून बोलू नकोस. पाठ केलंस की तुझा चेहरा ओळखपत्रावरच्या फोटोसारखा होतो, आणि तुझ्या त्या फोटोवरून तुला कधी कुणी ओळखलेलं नाही.


१७ जून

बाईसाहेब,

सगळ्या अटी मान्य. "आठवतं का" हे शब्द मी घरातून काढून टाकलेत.

दार आपल्याच (चुकलं, माझ्याच) स्वयंपाकघराचं घेऊ. रंधा मारायला म्हणून काढलं होतं, ते अजून भिंतीला टेकून उभं आहे. दारं बसवणाऱ्याच्या घराला दार नाही, ही सुरुवात मला चांगली वाटते. सुतार दिसला की प्रेक्षक आधी हसेल, मग विचारेल, का बरं? तिथे आपण काम सुरू करायचं. का, ते सांगायचं नाही.

ताईला तुझ्या जागी उभं करून तालीम केली. मी तीनदा टकटक केली, थांब म्हणून. तिनं पल्ला सोडून डोकं बाहेर काढलं आणि विचारलं, "कोण आहे?" पायाचं बोट अजून काळंनिळं आहे. माझं.

फोन शिडीला चिकटपट्टीनं बांधणार आहे. आता एकच प्रश्न. दार बसवायला लागलं की आत तू आणि बाहेर मी, आणि कॅमेरा आहे एकच. कुठल्या बाजूला ठेवायचा?

— मि.


२१ जून

मिस्त्री,

यात विचारण्यासारखं काय आहे? तुझ्या बाजूला. कल्पना तुझी, बडबड तुझी. मी आतून पल्ला धरते. गोंद सांडलेला शर्ट घालू नकोस. तुझ्याकडे गोंद न सांडलेला एक आहे, निळा, मीच घेतलेला. तोही नको. नवीन घे.


२ जुलै

बाईसाहेब,

व्हिडिओ पाठवला. तुझ्या फोनवरही टाकलाय. त्यांचं पोचल्याचं उत्तरही आलं, यंत्राचं. यंत्रानं "तुमचा उत्साह आम्हाला भावला" असं लिहिलंय, म्हणजे त्यानं व्हिडिओ पाहिलेला नाही.

तू आलीस, पेटी उघडलीस, आणि कॅमेरा आत, तुझ्या बाजूला बघून "हे काय?" म्हणालीस. मी म्हटलं, खिडकी आत आहे, उजेड तिकडे चांगला. बसच्या घाईत तू ऐकून घेतलंस. उजेड चांगला होता हे खरंच आहे. पण तेवढंच खरं नाही.

इतकी दारं बसवली आपण. काम करताना तुझा चेहरा मी कधी पाहिलाच नव्हता. मधे कायम पल्ला. मला तो एकदा बघायचा होता, म्हणून कॅमेरा तिकडे ठेवला.

तू गेल्यावर बघितला. पहिल्या तीन खेपा वाया गेल्या आहेत. एकीत शिडी पडते, एकीत मी पडतो, एकीत तू फक्त उसासा टाकतेस आणि तो शिडी पडल्यापेक्षा मोठा ऐकू येतो. चौथी जमली. त्यात मी दिसतच नाही. पलीकडून नुसता बोलतोय, गिऱ्हाइकांचं, लाकडाचं, ताईच्या बोटाचं (माझ्याच बोटाचं, पण ताईनं केलेलं). तू उत्तर देत नाहीस, काम करतेस. एकदा म्हणतेस, "अहो, जरा वर घ्या की." सगळ्या पत्रांतून मला तू "अरे-तुरे" करतेस, आणि दार हातात आल्याबरोबर "अहो"!

आणि मग मी विचारतो, "बसतंय ना बरोबर?" आणि तू हसतेस. गालातल्या गालात नाही, अख्ख्या चेहऱ्यानं. ती जागा मी पुन्हा पुन्हा पाहिली. किती वेळा ते मोजलं नाही, मोजलं असतं तर ताईनं फोन काढून घेतला असता माझ्याकडून.

त्या दिवशी तुझी बस चुकली असती, तर फार बिघडलं असतं का?

— मिस्त्री


९ जुलै

मिस्त्री,

हे पत्र तुला आवडणार नाही, म्हणून लांबण लावत नाही.

मी हसले ते बिजागरीला. वरची बिजागरी खाचेत उतरली, एका दमात, कागद सरकवायलाही जागा न ठेवता. कितीतरी महिन्यांनी माझ्या हातून असं काही झालं होतं. तू काय विचारलंस ते मला ऐकूसुद्धा आलं नव्हतं. व्हिडिओत ऐकलं.

"अहो" निसटलं. जुन्या घरात शिरलं की हात आपोआप दिव्याच्या बटणाकडे जातो, तसं. तेवढ्यावरून कुणी तिथे राहायला परत येत नाही.

वाईट वाटून घेशील. घे. पण खोटी आशा ठेवून वर्षभर दाराकडे मान करून बसण्यापेक्षा हे बरं. आपण कुठल्याच मोठ्या गोष्टीवरून वेगळे झालो नाही. मोठी गोष्ट असती तर मिटवता आली असती. रोज थोडं थोडं घासत गेलं, आणि एक दिवस लागेनाच.

एक मात्र सांगते. व्हिडिओ मीही परत पाहिला. त्यातली बाई मला आवडली. तिला मी कामावर ठेवलं असतं. कॅमेरा चोरून माझ्याकडे ठेवलास त्याबद्दल रागवायचं होतं, ते जमत नाहीये.

चॅनेलचं काही कळलं तर लगेच कळव. रोज दुकानातून येताना टपालपेटी बघते. तुझ्यासाठी नाही.


२८ जुलै

बाईसाहेब,

निवड झाली!

चॅनेलच्या कार्यालयात जाऊन आलो. काचेचं सगळं. एकही दार धड लागत नाही. चॅनेलच्या बाईंनी गॉगल डोक्यावर ठेवला होता, तो बोलताना घसरायचा आणि त्या परत वर ढकलायच्या. म्हणाल्या, असा चेहरा फार दिवसांत बघितला नाही. (माझा नव्हे, हे सांगायला नको.)

काही तांत्रिक बाबी आहेत. त्या मी बघतोय. सविस्तर मागाहून लिहितो. अभिनंदन तुझं.

— मि.


२ ऑगस्ट

मिस्त्री,

तुझं पत्र मी दुकानातच उघडलं, काउंटरवर, गिऱ्हाईक समोर उभं असताना. मालकांनी विचारलं, कुणी गेलं का? मी म्हटलं, मीच चालले. तिथल्या तिथे काम सोडलं. मालक चांगला माणूस आहेत, म्हणाले, टीव्हीवर आमच्या कड्या वापरा.

अभिनंदन माझं काय, आपलं म्हण. एवढं काम केल्यावर भिडस्तपणा शोभत नाही तुला, तुला तो कधीच शोभला नाही.

एक गोष्ट सांगितली नव्हती. मार्चमध्ये मी दुसऱ्या एका सुताराबरोबर एक दार बसवायला गेले होते. तो पलीकडून सबंध वेळ "उचला! उचला!" असं कोकलत होता, आणि दार तिरकं बसल्यावर घरमालकाला म्हणाला, "बाई नवीन आहेत." त्या संध्याकाळी घरी येऊन मी चहासुद्धा न करता बसून राहिले. मागच्या पत्रात मी जे लिहिलं ते खरंच आहे. तुझ्याबरोबर संसार नाही जमला. पण काम करायला मला तुझ्याचबरोबर आवडतं. दुसऱ्या कुणाबरोबर नको वाटतं. एवढं तुझं आहे, ते ठेवून घे.

तेव्हा ठरलं. टीव्हीपुरतं नवरा-बायको, कामापुरतं जोडीदार, संध्याकाळी आपापल्या घरी. आणि एखाद्या दिवशी बस चुकलीच, तर चुकली. मी काही बसच्या कंपनीत कामाला नाही.

त्या तांत्रिक बाबी लवकर उरक. बिल्ला, परवाना, काय लागेल ते माझं मी आणते.


५ ऑगस्ट

बाईसाहेब,

आता सांगतो. बसून वाच.

चॅनेलच्या बाईंनी मला विचारलं, "दारामागून तो आवाज येतो, तो कुणाचा?"

मी म्हटलं, माझा.

"हो? छान आहे. आवाज काय, कुणाचाही चालेल." गॉगल वर. "तुम्ही व्हिडिओत दिसत नाही ना, म्हणून एक छोटी चाचणी घेऊ." मला एका पांढऱ्या भिंतीपुढे उभं केलं. बोला म्हणाले, बोललो. बोलू नका म्हणाले, थांबलो. मग चौघांनी मिळून एका पडद्याकडे बघितलं, आणि बाई फार मऊ आवाजात म्हणाल्या, "तुम्ही चांगले आहात. पण त्यांचे मिस्टर वाटत नाही."

मी म्हटलं, कोर्टाचंही तेच मत आहे. कुणी हसलं नाही. विनोदी कार्यक्रमाचा विभाग वेगळ्या मजल्यावर आहे.

त्यांना तू हवी आहेस. फक्त तू. नवऱ्यासाठी एक नट बघितलाय. उंच आहे, दाताची जाहिरात करून आलाय. तू काम करणार, तो पलीकडून बोलणार. कल्पना माझ्या नावावर दाखल आहे, म्हणून माझी सही हवी होती : माझ्याशिवाय कार्यक्रम करायला माझी हरकत नाही, अशी. सही नाही तर कार्यक्रम नाही. याच त्या तांत्रिक बाबी.

सही न करताच घरी आलो होतो. हरकत होती मला. हरकतीशिवाय दुसरं काही नव्हतंच माझ्याकडे. म्हणून तुला ते अर्धंमुर्धं पत्र टाकलं, वाटलं, चार दिवस जाऊ देत, मी काहीतरी जमवतो. त्या चार दिवसांत तू काम सोडलंस.

तुझं पत्र काल दुपारी आलं. तसाच निघालो आणि सही करून आलो. रात्रभर थांबलो असतो तर ते पत्र परत वाचलं असतं, आणि मग सही झाली नसती.

त्यांचा फोन तुला येईल. हो म्हण. मला उत्तर लिहिलं नाहीस तरी चालेल, पण त्यांना हो म्हण.

— मिस्त्री


१९ ऑगस्ट

अहो,

(हे बटणाकडे हात गेल्यासारखं नाही. समजून उमजून लिहिलंय, आणि एकदाच लिहिणार आहे.)

मी नाही म्हणायलाच तिथे गेले होते. वाटेत सगळं तयार केलं होतं. तुमच्यासारखं नाही, माझं पाठ केलेलं छान होतं. त्यांना म्हणणार होते, "तुमचा नट तुम्हाला लखलाभ, दाताच्या जाहिराती करून दारं बसवता येत नाहीत," वगैरे.

कार्यालयाच्या दारात एक मुलगी उभी होती, हातात यादी. तिनं माझ्याकडे बघितलं, पेटीकडे बघितलं, आणि माझ्या मागे कुठेही न बघता म्हणाली, "मिस्त्री ना? या, तुमचीच वाट बघतोय."

मला नाही म्हणता आलं नाही.

आणि आता मला तुमचा इतका राग आलाय की काय सांगू. एवढं चांगलं वागायला कुणी सांगितलं होतं? संसारात याच्या निम्मं वागला असतात तर मी आज हे पत्र लिहीत नसते, पलीकडच्या खोलीतून ओरडून सांगितलं असतं. आता याचं मी काय करू, कुठे ठेवू? भांडायला सुद्धा जागा ठेवली नाहीत.

ताई आल्या होत्या. रडल्या नाहीत, त्यामुळे मलाच रडावं लागलं.

त्या नटाला काम दाखवायला ते तुम्हाला बोलावतील. जाऊ नका. मी दुसरं कुणीतरी शोधते. एवढं ऐका.


३० ऑगस्ट

बाईसाहेब,

ऐकलं नाही. दुसऱ्या कुणी शिकवलं असतं, तर तो ओरडायला शिकला असता.

मी गेलो नाही, तोच आला. वाईट माणूस निघाला असता तर माझी सोय झाली असती. पण चांगला आहे. चपला बाहेर काढल्या, ताईला नमस्कार केला, विचारल्याशिवाय हत्याराला हात लावला नाही. ताईनं त्याला दोनदा चहा दिला. फितूर आहे ती.

स्वयंपाकघराचं दार पुन्हा काढलं आणि त्याच्याकडून बसवून घेतलं. हाताला कळतं त्याच्या. टकटक शिकायला दुपार गेली. मग त्यानं वही काढली आणि विचारलं, "त्यांच्याबद्दल काही सांगाल?" सांगितलं. स्क्रू-ड्रायव्हर देताना मूठ तिच्याकडे करायची. तिनं परत माप घेतलं तर "घेतलंय की" म्हणायचं नाही. ती गप्प झाली तर ती जागा आपण बोलून भरायची नाही. हे शेवटचं त्यानं अधोरेखित केलं. एवढी वर्षं माझ्याकडे पेन नव्हतं की काय, कोण जाणे.

जाताना म्हणाला, एकदा संवादासकट करू या. चॅनेलवाल्यांनी लिहून दिलेत. तो बाहेर माझ्या जागी गेला, म्हणजे मला आत उभं राहावं लागलं, तुझ्या जागी, हातात तुझा कागद. तिथून बाहेरचा माणूस दिसत नाही, फक्त आवाज येतो. पल्ला जड असतो. आतून जास्त जड लागतो.

टकटक बरोबर केली त्यानं. मग लिहिल्याप्रमाणे पलीकडून विचारलं, "आहेस ना गं तिकडे?"

कागदावर तुझं उत्तर होतं, "जाणार कुठे?"

मी ते कागदावर परत वाचलं. त्याला वाटलं, मला ऐकू गेलं नाही. त्यानं परत विचारलं, अगदी तसंच, मायेनं. कुणीतरी म्हणायला हवं होतं, म्हणून मी म्हटलं, "जाणार कुठे?"

तो पलीकडून म्हणाला, "वा! अगदी खरं वाटलं."